पाठीचं माप

कुंचीच्या मागे पाठीवर सोडायचा घोळ अर्ध्यावर आला आणि मोरपंखी लोकर संपली. आक्काबाईनं पिशवी उलटी करून झटकली. आतून दोन सेफ्टी पिना, कसर लागू नये म्हणून टाकलेल्या लवंगा आणि लिंबाएवढा एक गुंडा खाली पडला. त्या गुंड्यात फार तर दोन ओळी झाल्या असत्या.

बाहेर अंगणात मांडववाला खुर्च्या उतरवत होता. मागच्या पडवीत आक्काबाईच्या भावजयीनं, सरुबाईनं, घुगऱ्यांसाठी हरभरे उकडायला ठेवले होते. संदेशच्या मुलीचं बारसं दुपारवर आलं होतं, आणि आत्या म्हणून कोमलनं बाळाला जी कुंची घालायची, ती अजून सुयांवरच होती.

"झाली का गं, आक्का?" कोमलनं दारातून डोकं आत घातलं.

"व्हत आली," असं म्हणून आक्काबाई गप्प बसली.

कोमलला त्या गप्प बसण्याचा अर्थ लहानपणापासून ठाऊक होता. ती आत येऊन खाटेच्या कडेला टेकली. "काय झालं? टाका गळाला?"

"टाका गळाया मी काय आज विणाया लागले? लोकर सरली."

आक्काबाईच्या खोलीत भिंतीला ओळीनं खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला जुन्या परकराच्या कापडाची, नाडी ओढून बंद करायची पिशवी. एकेका पिशवीत घरातलं एकेक माणूस अर्धवट होतं. सरुबाईची लाल शाल, संदेशचा राखाडी मफलर, चैतालीचं पिवळं जाकीट, भाऊ भिमाजीचा तपकिरी स्वेटर. खंडाळ्याच्या शाळेच्या वसतिगृहात आया म्हणून सारी नोकरी झाली, तिथल्या पोरांसाठी तिनं किती कानटोप्या विणल्या त्याला गणती नव्हती. पण तिथेही तिच्या उशाशी कधी एकच काम नसे.

चैताली संदेशची बायको होऊन आली तेव्हा तिनं विचारलंच होतं, "एक संपवून मग दुसरं का नाही घेत तुम्ही?"

"अगं, हातबी कंटाळत्यात," आक्काबाईनं तिला शेजारी बसवून सांगितलं होतं. कुणी काही विचारलं की तिला आधी त्या माणसाला बसायला जागा करून द्यावी लागे, मग ते पाच वर्षांचं पोर असो की पोरासोरांची आई. "ह्या शालीला जाळी हाय, तिला चांगला उजेड लागतो. भिमाचा सवेटर सरळसोट, लाईट गेली तरी हात चालत्यात. मफलर यष्टीत बरा. आन् एकाच्या गळ्याशी अडलं, की दुसऱ्याची बाही करता करता त्याचं उत्तर गावतं. अडलेल्या कामाकडं एकसारखं बघत बसलं की ते जास्तच अडतं."

"आणि नमुना? तो कुठे लिहून ठेवता?"

"लिवायचं काय त्यात? गळ्याशी गेल्यावर गळ्याचं बघायचं."

मापाचंही तसंच. टेप तिनं कधी हाती धरली नाही. माणसाला पाठमोरं उभं करायची, मानेखाली अंगठा टेकवायची आणि करंगळी ताणून वीत मोजायची. मग हात तसाच थोडा वेळ पाठीवर ठेवायची. खांदा कुठं उतरतो, माणूस कुठल्या बाजूला कलतो, वाकून काम करतो की गाडीवर बसून, ते सगळं त्या हाताला कळायचं. भिमाजीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, हे त्याच्या बायकोच्याही आधी आक्काबाईला माहीत होतं.

खिडकीशेजारच्या खिळ्यावरची पिशवी मात्र वर्षानुवर्षं कुणी काढली नव्हती. तिच्यात धाकट्या भावाचा, नथूचा, मोरपंखी स्वेटर होता. पाठ बगलेपर्यंत विणून झालेली, तिथंच थांबलेली.

बाळ झाल्याचा फोन आला त्या दिवशी आक्काबाईचा हात नेमका त्याच पिशवीत का गेला, ते तिलाही सांगता आलं नसतं. शिल्लक गुंडे आहेत, नुसती टोपी होईल, असं मनाशी धरून तिनं ते दुसऱ्या पिशवीत काढून घेतले. टोपी झाली. मग वाटलं, थंडी फार आहे, कानाला पट्ट्या हव्यात. पट्ट्या झाल्यावर वाटलं, मागे घोळ सोडावा. घोळात पिंपळाच्या पानासारखा आकार उमटायला लागला, तसा तिनं तो उमटू दिला. पान म्हटल्यावर ते टोकापर्यंत जायला नको का?

लोणावळ्याला हुस्नबानोला फोन लावूनही झाला होता. बाजारात हुस्नबानोचं लोकरीचं दुकान होतं. पहिली सुई आक्काबाईच्या हातात तिनंच दिली होती.

"तो मोरपंखी? तो रंगच यायचा बंद झाला, आक्का," हुस्नबानो म्हणाली. "आता मिळतो तो निळा मारतो. शेजारी लावलास तर ठिगळ दिसंल, आणि शिव्या मला देशील."

"देईन तर खरंच," म्हणून आक्काबाईनं फोन ठेवला होता.

लोकर संपल्याची बातमी स्वयंपाकघरातून अंगणात जायला वेळ लागला नाही. आधी संदेश आला. "एवढंच ना? तळेगावात रेडीमेड मिळते. बाइकवर जातो नि आणतो."

"रेडीमेड नको," आतल्या खोलीतून चैतालीचा आवाज आला. बाळ मांडीवर होतं म्हणून ती हळू बोलत होती, पण ठाम होती. "आक्कांच्या हातची घालायची ठरलंय."

मग भिमाजी आला. कपाळाला अष्टगंध, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीशेजारच्या पिशवीकडं बोट केलं.

"हितं हाय की लोकर. अख्खी पाठ हाय. उसव आन् घाल पोरीच्या अंगावर."

पडवीत कुकरची शिट्टी झाली, तिचा सगळ्यांना आधारच वाटला.

"ती नथूची हाय," आक्काबाई म्हणाली.

"कुटं हाय नथू? आठ वर्सं झाली. गिऱ्हाइकं घेऊन पुन्याला जातो, सोमाटण्याला थांबून च्या पितो, लोक येऊन मला सांगत्यात. सोमाटण्याचा च्या ग्वाड लागतो, आपल्या वराळ्याचा न्हाई."

"तरीबी त्याचीच हाय."

"आक्का, पोरगी जित्ती हितं घरात हाय. आन् तू न येनाऱ्याचं कापड राखीत बसलीस."

हातातला झारा तसाच घेऊन सरुबाई दारात येऊन उभी राहिली. नणंदेच्या अर्धवट कामांवर तिची जीभ रोज चाले. त्यामुळं आता ती नवऱ्याची री ओढणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"अवो, मी तुमाला कधी उलट बोलले का?" तिनं भिमाजीला विचारलं.

"रोज बोलतेस," संदेश म्हणाला.

"तू गप रं. मग आजबी बोलते. दुसऱ्याचं उसवून आपल्या नातीला घालायचं न्हाई. आक्का, माझी शाल उसवा."

आक्काबाईनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "ह्या शालीसाठी तर दर दिवाळीला माझ्या जिवावर उठतेस तू."

"उठते. फुडल्या दिवाळीलाबी उठंन. पर आज घ्या."

"लाल हाय गं ती."

"मग? लाल काय वाईट हाय का?"

आक्काबाईनं कुंची हातात धरली. मोरपंखी पानाच्या अर्ध्या कडेला तिनं मनातल्या मनात लाल लावून पाहिला. एकट्या लालनं ते पान जखम झाल्यासारखं दिसलं असतं. पण आधी थोडा राखाडी, मग पिवळा, आणि अगदी टोकाला लाल... पिकत जाणारं पान असंच तर दिसतं. तिचे डोळे बारीक झाले. कोमलला ते बारीक होणंही ठाऊक होतं.

"संदेश, तुझा मफलर काढ खाली," कोमलच म्हणाली.

"घ्या. तसंही हेल्मेटात तो मावत नाही." संदेशनं पिशवी काढून दिली, आणि मग जरा थांबून म्हणाला, "पण अर्धाच उसवा हां."

"माझंही जाकीट घ्या," आतून चैताली म्हणाली.

भिमाजी हे सगळं बघत उभा होता. "म्हंजे समद्यांची उसवायची, पर त्याची न्हाई. झ्याक! माझ्या सवेटराला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"तुला कुनी मागितला?" आक्काबाई म्हणाली. "मोकळा हायस ना? बस हितं. हात फुडं कर."

आक्कानं हात पुढं कर म्हटलं की करायचा, हे भिमाजीच्या अंगात बालवाडीआधीपासून मुरलेलं होतं. तो स्टुलावर बसला, दोन्ही हात पुढं धरले आणि मगच त्याला आपण काय केलं ते कळलं. तोवर कोमल शालीचं टोक ओढायला लागली होती, आणि उसवलेली लाल लोकर त्याच्या मनगटांभोवती फेऱ्या घेत होती. सुटलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघत होती.

"ही अशीच विणणार?" कोमलनं विचारलं.

"न्हाई गं. वळण धरून बसलीया ती. एवढी वर्सं एका जागी राहिली की लोकर सरळ व्हाया बघत न्हाई. हरभऱ्याच्या पातेल्यावर वाफंला धरायची, मग ऐकती." आक्काबाईनं धागा तिच्या बोटांत नीट बसवून दिला. "वढू नको. ती जेवढी सुटंल तेवढीच घ्यायची."

कोमल थोडा वेळ तशी लोकर सोडवत राहिली. मग तिनं विचारलं, "काकांचा स्वेटर तू पुढे का नाही केलास गं, आक्का? त्यांना नको असला तरी करून ठेवता आला असता."

"माप न्हाई. बगलेपतोर अंदाजानं केला. वर पाठ कशी न्यायची ते पाठीवर हात ठेवल्याबिगर कळत न्हाई."

"गेली होतीस ना तू एकदा खंडाळ्याला त्यांच्याकडे?"

"गेलते. च्या पाजला, बिस्किटं दिली. आन् म्हनाला, त्या घरातलं काय मी अंगावर घालनार न्हाई. पाठ करून उभा राहा म्हनलं, तर पाठ भिंतीला लावून बसला."

कोमलनं लोकर मांडीवर ठेवली, फोन काढला आणि कुणाला न विचारता स्पीकर लावला. भिमाजीनं उठायला बघितलं. पण दोन्ही मनगटांत लोकर गुंतलेली, आणि तिचं दुसरं टोक त्याच्याच बायकोच्या शालीत.

"बस," आक्काबाई म्हणाली. "गुंता करशील."

फोन उचलला गेला. मागे हॉर्नचा कल्लोळ होता.

"काका, कोमल बोलतेय."

"बोल गं, चिमणे. गाडीत हाय मी."

"आज बारसं आहे."

"ठावं हाय. संदेशनं मेसेज धाडला व्हता. पोरगी कुणावर गेलीया?"

"काका, आक्काला तुमच्या पाठीचं माप पाहिजे."

पलीकडे नुसते हॉर्न वाजत राहिले. मग नथूचा आवाज आला, जरा बसलेला. "कशाला?"

"स्वेटरला."

"तो अजून हाय?"

आक्काबाई पुढं वाकली. "सुयांवर हाय. तुझ्यापायी माझी चांगली सुयांची जोडी अडकून पडली."

"आक्का... टेलरकडनं माप घेतो आन् धाडतो, मग तर झालं?"

"टेलरचं माप टेलरला. मला पाठ लागती."

"मी तुला तवाच सांगितलं व्हतं—"

"सांगितलं व्हतंस, मी आयकलं. आता तू आयक. तुझ्या पिशवीतली लोकर काढून मी पोरीची कुंची केली. तुला इचारलं न्हाई. ती कमी पडली. घरात म्हनत्यात, नथूची पाठ उसव. ठेवायची का उसवायची, ते तू हितं येऊन सांग. फोनवर मी आयकनार न्हाई."

"खोपोलीला गिऱ्हाईक सोडून वर येतोय. घाटात हाय. सुट्ट्या लागल्यात, समदी मुंबई वर निघालीया, गाडी हलत न्हाई." नथू थांबला. "कवा पोचंन, सांगता यायचं न्हाई. माझ्यासाठी थांबू नका." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "तुमी थांबत न्हाईच म्हना."

फोन बंद झाला. कोमलनं वडिलांकडं पाहिलं नाही.

वडील, आबा, गेले त्या दिवशीही नथू घाटातच होता. गाडीत गिऱ्हाइकं, पुढं एक कंटेनर आडवा, मागं-पुढं हलायची सोय नाही. तो दर थोड्या वेळानं फोन करत होता, येतोय, थांबा. ऊन उतरायला लागलं, भावकी घाई करायला लागली, आणि भिमाजीनं तिरडी उचलली. नथू नदीवर पोचला तेव्हा चिता निवत आली होती. "बापाचं तोंड बघू दिलं न्हाईस, भाऊ," एवढंच तो म्हणाला. भिमाजी थकला होता, रडून रडून त्याचा घसा बसला होता, त्याच्या तोंडून गेलं, "तुझी गाडी हाकत बसला असतास, आमी काय रातभर थांबायचं?" आणि आक्काबाई मधे उभी होती, तिला त्या वेळी एकही शब्द सुचला नाही. नथूनं दोघांकडं पाहिलं, आणि गाडी वळवून तो निघून गेला. लग्न त्यानं केलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, गाडीशी लागलंय.

लाल लोकर संपली, राखाडी झाली, पिवळी झाली. भिमाजीनं हात खाली घेतले नाहीत.

दुपार झाली तशी आळीतल्या बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, बाळाला काजळ-तीट झाली. आक्काबाई पाळण्याशेजारीच पाट टाकून बसली होती आणि तिच्या सुया चालल्या होत्या. वाफेवर धरलेली लोकर अजून कोमट होती. पानाची कड राखाडी झाली, मग पिवळी. मधे एकदा तिनं दोन ओळी उसवल्या, कारण पिवळा फार लवकर आला होता. शेजारची रुपाली वाकून बघत राहिली. "अगं बाई, आक्का, हे आधीपासनं ठरवलं व्हतंत?"

"न्हाई गं. आत्ता बघतीया मीबी."

टोकाला लाल लागला, शेवटचा टाका बंद झाला. आक्काबाईनं कुंची झटकली आणि कोमलच्या हातात दिली. बायकांत "अगं बया" झालं. सरुबाईनं आपली लाल कुठं लागली ते बोटानं चाचपून बघितलं आणि डोळ्याला पदर लावला, वर म्हणाली, "कांदा चिरला मगाशी."

"चला, घ्या पोरीला पाळण्यात," रुपाली म्हणाली. "भाऊ, सुरू करायचं ना?"

भिमाजी दारात उभा होता. रस्त्याकडं तोंड करून. "थांबा," तो म्हणाला.

"अवो, पोर झोपंल."

"झोपू दे. थांबा जरा."

"कुनासाठी थांबायचं?"

शर्टाच्या बाहीला चिकटलेला लोकरीचा एक लाल तंतू भिमाजीनं काढला, बोटात गुंडाळला. "घरातलं एक मानूस यायचंय. घाटात हाय."

सरुबाईनं नवऱ्याच्या पाठीकडं एकदा पाहिलं आणि आत जाऊन चहाचं मोठं पातेलं चढवलं. पहिला चहा झाला. बायकांनी पाळण्याची गाणी म्हणून घेतली, मग तीच पुन्हा म्हटली. कुणीतरी म्हणालं घुगऱ्या गार झाल्या, कुणीतरी म्हणालं पोरं भुकेली झाली. सरुबाईनं पोरांच्या हातावर आधीच घुगऱ्या ठेवल्या. दुसरा चहा झाला. बाळ झोपलं, उठलं, प्यायलं, पुन्हा झोपलं. संदेश हळूच म्हणाला, "पप्पा, फोन करून विचारू का?"

"नको," भिमाजी म्हणाला. "फोन लावलास तर त्याला वाटंल घाई करतोय."

आक्काबाईनं खिडकीशेजारची पिशवी आणून मांडीवर ठेवली होती.

ऊन डोंगराआड जायला आलं तेव्हा एक पांढरी टॅक्सी फाटकाशी येऊन उभी राहिली. नथू उतरला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, खिशाला ड्रायव्हरचा बिल्ला तसाच. तो फाटकातच थांबला. मांडव, खुर्च्या, दारातल्या बायका, मोकळा पाळणा, सगळ्यावरून त्याची नजर फिरली.

"झालं का समदं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "थांबलोय."

पायातल्या चपला काढायला म्हणून नथू खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. सरुबाईनं तांब्या पुढं केला, "भावजी, पाय धुवा," तेव्हा तो सरळ झाला.

आत आल्यावर आक्काबाईनं त्याला ना बस म्हटलं, ना खुशाली विचारली. "पाठ कर," ती म्हणाली.

"आक्का, आधी पोरीला बघू तर दे—"

"पाठ कर आधी."

नथू वळला. तिनं त्याच्या मानेखाली अंगठा टेकवला आणि हात ताणला. उभी वीत भरली, मग आडवी भरली, आणि करंगळी जिथं थांबायला हवी होती तिथं अजून पाठ शिल्लकच होती. तिनं हात तसाच ठेवला. हाताखाली पाठ एकदा हलली, मग पुन्हा हलली. आक्काबाईनं घाई केली नाही.

"लय सुटलास रं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "हे दोन्हीकडनं कमी पडतंय. बगलंखाली पट्ट्या घालाव्या लागतील. आन् मोरपंखी तर आता कुटंच मिळत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," नथू पाठमोराच म्हणाला.

भिमाजी खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचीच पिशवी होती. नाडी सोडवून त्यानं तपकिरी स्वेटर बाहेर काढला आणि आक्काबाईच्या मांडीवर टाकला.

"ह्याच्या पट्ट्या घाल."

"अरं, तुझा पुरा व्हत आलाय. नुसता गळा राहिला."

"उसव म्हनतो ना."

"आन् भाऊ, तू थंडीत काय घालनार?" नथूनं अजून मान वळवली नव्हती.

"तू आधी घाल. मग बघू माझं."

आक्काबाईनं स्वेटराचं टोक शोधलं. दाताखाली धागा तोडून तिनं पहिली ओळ सोडवली आणि भावांकडं वर पाहिलं.

"नथू, हात फुडं कर," ती म्हणाली. "आन् कोमल, तू घे पोरीला. कुंची घाल तिला. तुझ्याबी पाठीत आता धपाटे बसायचेत."